झाडे मॅडमची सरकी

झाडे मॅडमशी बोलायला जाताना माणसाने दोनच वाक्यांची तयारी करून जावं. तिसरं सुरू झालं की मॅडम हाताचा पंजा वर करतात आणि म्हणतात, "सरकी!" संपलं. मग तुम्ही सरपंच असा, विम्याचे एजंट असा, नाहीतर त्यांचे मुख्याध्यापक असा. मी त्यांचा मुख्याध्यापक आहे, म्हणजे प्रभारी. गेल्या तीन वर्षांतली माझी निम्मी वाक्यं आमच्या शाळेच्या व्हरांड्यात अर्धवट पडलेली आहेत.

ज्यांनी कापूस फक्त अंगावर पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. शेतातून कापूस येतो तो बियांसकट येतो. जिनिंगमध्ये घातला की एकीकडून रुई निघते आणि दुसरीकडे बी पडतं. ते बी म्हणजे सरकी. मॅडमचं माहेर हिंगणघाटचं, वडील तिथल्या एका जिनात कामाला. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायच्या, तिथे हे सगळं उभ्याने पाहिलं आणि माणसाच्या बोलण्याचे कायमचे दोन भाग करून टाकले. रुई त्यांना फार कमी सापडते. माझ्या बोलण्यात तर आजपर्यंत सापडलेलीच नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, वर्ध्याजवळच्या सेलूहून आत. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. तिसरी-चौथी मॅडमकडे. पहिली-दुसरी माझ्याकडे, आणि वरून सरकारला ऑनलाइन माहिती भरायच्या सगळ्या लिंका माझ्याकडे. सकाळी खिचडीची लिंक, दुपारी हजेरीची, संध्याकाळी झाड लावल्याची, फोटोसकट. ते झाड जगलं का, याची पुन्हा वेगळी. एखाद्या दिवशी पोरांना शिकवायला सापडलं तर मला सुटी मिळाल्यासारखं वाटतं. थकलो आहे, बाप्पा! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या चिडचिडीचं कोणाला नवल वाटायला नको.

तर अशा थकल्या माणसाच्या शाळेत मॅडमनी पुस्तकं काढायला घेतली. पोरांनी लिहायची, पोरांनीच तपासायची, पोरांनीच प्रकाशित करायची.

मी म्हणालो, "मॅडम, पोरांले अजून जोडाक्षरं येत नाहीत. त्यातून परीक्षेचा अभ्यास, त्यातून..."

"सरकी," मॅडम म्हणाल्या आणि कात्री मागितली.

त्यांची पद्धत अशी. पोराने आधी गोष्ट लिहायची, घरी बोलतो तशीच. मग कात्रीने एकेक वाक्य कापून त्याच्या पट्ट्या करायच्या आणि टाटपट्टीवर ओळीने मांडायच्या. मग दुसरी तीन पोरं संपादक म्हणून यायची. संपादकाच्या मुठीत सरकी. खरीखुरी, घरून आणलेली. त्याने रांगत रांगत वाचत जायचं आणि जिथे कंटाळा आला त्या पट्टीवर एक दाणा ठेवायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. 'वाईट हाये' म्हणायचं नाही, 'छान हाये' तर मुळीच म्हणायचं नाही. तिघं फिरून गेले की लेखक येऊन पाहणार, कुठे किती दाणे पडले. वाक्य ठेवायचं की काढायचं ते त्याने ठरवायचं. "ज्याची गोष्ट, थो मालक," हा मॅडमचा पहिला कायदा.

काढलेलं वाक्य फेकायचं नाही. सरकी कोणी फेकतं काय? तेल निघतं, गुरांसाठी ढेप निघते. तसं ते वाक्य बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडायचं आणि ज्याला लागेल त्याने उचलायचं. 'मंग आभाळातून साप पडला' हे वाक्य तिसरीतल्या एका पोराने काढून टाकलं होतं. तो साप तेव्हापासून चार गोष्टींत पडून गेला आहे, त्यातली एक बहिणीच्या लग्नाची होती.

उरलेली गोष्ट एका कागदावर उतरवायची. कागदाला मधोमध एक काप दिला आणि घड्या घातल्या की आठ पानांचं पुस्तक होतं. टाचणी नाही, गोंद नाही. "एक कागद, आठ पानं, जास्त नाई," हा दुसरा कायदा. मागच्या पानावर लेखकाचं नाव, तिन्ही संपादकांची नावं, आणि किंमत: वाचून परत करणे.

प्रकाशन शनिवारी. व्हरांड्यात दोरी बांधायची, कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवायची, आणि खाली लेखकाने खुर्चीत बसून वाचायचं. हात असलेली खुर्ची शाळेत एकच आहे, ती माझी. त्यामुळे प्रकाशनाच्या दिवशी शाळेचे मुख्याध्यापक तांदळाच्या पोत्यावर बसतात.

हे सगळं पोरांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण मॅडमच्या पर्समध्येसुद्धा सरकी असते. एकदा मी साळ्याच्या गृहप्रवेशासाठी रजेचा अर्ज लिहिला. चांगला पानभर, 'वरील विषयास अनुसरून' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलो. परत येतो तर प्रत्येक ओळीवर एकेक दाणा. फक्त एक ओळ मोकळी होती: मी उद्या येणार नाही.

आणि आसपासच्या शाळांच्या केंद्र बैठकीत तर माझी इज्जतच काढली. केंद्रप्रमुख साहेब गुणवत्तेवर बोलत होते. साहेब गुणवत्तेवर बोलायला लागले की चहा दोनदा येऊन जातो. मॅडम माझ्या शेजारी, पुढच्या रांगेत. साहेबांनी 'या ठिकाणी' म्हटलं की मॅडम टेबलावर एक दाणा ठेवायच्या. 'नक्कीच' म्हटलं की एक. भाषण संपलं तेव्हा टेबलावर चांगली ओंजळभर सरकी जमली होती. साहेबांचं लक्ष गेलंच.

"हे काय आहे मॅडम?"

मी मधे पडलो. "बियाणं आहे साहेब. शाळेच्या परसबागेसाठी."

"उत्तम," साहेब म्हणाले, "या ठिकाणी सगळ्यांनीच असा उपक्रम..."

मॅडमनी पर्समध्ये हात घातला. मी तो हात धरला. परक्या बाईचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा धरला, तोही केंद्राच्या बैठकीत!

पाच वाजले की मॅडम शाळेतून निघतात. कोणी बोलत असेल तर त्याच्या अर्ध्या वाक्यात निघतात. पाचनंतर त्यांचा फोन बंद. आल्या त्या वर्षी मी एकदा विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. म्हणाल्या, "मिस्टर. तब्येत बरी नसते." दोन वाक्यं झाली होती, तिसरं विचारायची माझी छाती झाली नाही. मनात म्हटलं, बाई घमेंडी आहे.

आता पूर्वाचं सांगतो.

पूर्वा चौथीतली. किरकोळ, सावळी, दोन वेण्या. घरची शेती. तिच्याकडे एक बकरी होती, चंपी. बकरी तिचीच म्हणायची. चारायला नेणं तिच्याकडे, बांधणं तिच्याकडे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी चंपी दावं सोडून गेली ती गेलीच. सापडली नाही. पूर्वाने त्यावर गोष्ट लिहिली.

सुरुवात झकास होती. 'चंपीले माह्या आवाज समजे.' पहिल्या संपादकाने एकही दाणा ठेवला नाही. मग चंपी हरवते, आणि पूर्वा तिला शोधायला निघते. तिथून पुढे असं:

'मंग मी रामाजी काकाच्या घरी गेली. काकू भाकरी टाकत होती. काकू म्हणे नाई पाह्यली. मंग मी बेबीआत्याच्या घरी गेली. आत्या झोपून होती. मी गोठ्यात पाह्यलं. नव्हती. मंग मी दुकानात गेली...'

अशी ती सगळ्या गावात गेली होती. एकही घर सोडलं नव्हतं. वर्गातली टाटपट्टी संपली, पट्ट्या दाराबाहेर आल्या, व्हरांडा संपला, पायऱ्या उतरून बोअरपर्यंत गेल्या. वारा सुटला तेव्हा गावातली चार-पाच घरं उडाली, ती पोरांनी धावून धावून आणली. दुसरा संपादक मधेच, पोस्टमनच्या घरापाशी, झोपला. तिसरा मॅडमकडे येऊन म्हणाला, "म्याडम, माह्या जवळची सरकी सरली."

मॅडमनी पूर्वाला जवळ बोलावलं. "पूर्वा, एक घर ठेव. मंग लिही, मी सारं गाव पालथं घातलं. झालं."

खरं सांगू? सल्ला बरोबर होता. मीही तोच दिला असता.

"पण मी तं सगळ्याईच्या घरी गेलती."

"गेलती ना. पण वाचणाऱ्याले कंटाळा येते."

"मले नाई आला तवा."

मॅडमनी पंजा वर केला, पण 'सरकी' काही म्हणाल्या नाहीत. पूर्वा पुढे म्हणाली, "गोष्टीची मालक मी हाव ना म्याडम?"

"हाव. मालक तू. पण कागद एकच."

"मंग माह्यं पुस्तक नका काढू."

आणि पट्ट्या गोळा करून, ओढणीत बांधून ती कोपऱ्यात जाऊन बसली. दोन्ही कायदे मॅडमचेच आणि दोन्ही एकमेकांच्या छातीवर बसलेले. मॅडम खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मला आत कुठेतरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. पुस्तकांची बातमी केंद्रप्रमुख साहेबांपर्यंत गेली होती, त्यांचा ग्रुपवर मेसेज आला: आमच्या शाळेने शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःच्या पुस्तकासह फोटो पाठवावा, शंभर टक्के. इकडे पूर्वा खिचडीच्या रांगेत येईना. घरी जेवली म्हणायची. स्वयंपाकाच्या बाईने सांगितलं, "सर, पोट्टी कायची जेवते? दोन दिवसापासून नुसती बसून राह्यते." गुरुवारी दुपारी मीच तिच्याजवळ टाटपट्टीवर बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

"बेटा, चार घरं ठेव. चार लय झाली."

ती ओढणीतल्या पट्ट्या चाचपत राहिली. मग म्हणाली, "गाठ मीच मारलती, सर."

"कायची गाठ?"

"चंपीच्या दाव्याची. ढिल्ली झाली. बाबा म्हणे, गेली तं गेली. आजी म्हणे, तुह्यानं एक बकरी सांभाळनं नाई झालं. मंग मी सगळ्याईच्या घरी गेली. आता पुस्तकात एकच घर टाकलं तं लोकं म्हणतीन, पोट्टीनं बरोबर धुंडलंच नाई." तिने ओढणीची गाठ हाताने घट्ट केली. "आन चंपीले कसं समजन?"

"बकऱ्या पुस्तक वाचत नाहीत बेटा," मी म्हणालो, "खातात."

ती हसली नाही. माझं मलाच कसंतरी झालं. तोंड आहे म्हणून बोलायचंच काय!

संध्याकाळी मी मॅडमच्या घरी गेलो. फोन बंद, दुसरा उपाय नव्हता. मी राहतो वर्ध्यात, मॅडम लागूनच सिंदी मेघेत, म्हणजे वाट वाकडी करण्यासारखं काही नव्हतं. तरी तीन वर्षांत कधी गेलो नव्हतो. मनात सगळं भाषण ठरवून गेलो, मधे अडवलं तरी बोलत राहायचं असं.

दार उघडंच होतं. आतून मॅडमचा आवाज आला. "मंग?"

मी थांबलो. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. काहीतरी नवीन ऐकायला मिळतंय अशा उत्सुकतेचा.

आत दिवाणावर त्यांचे मिस्टर बसले होते. पांढरे केस, स्वच्छ दाढी केलेली, अंगात स्वेटर. समोर पाटावर मॅडम, पुढ्यात तुरीच्या शेंगा. मला पाहून मॅडमनी बोट ओठावर ठेवलं आणि खुर्ची दाखवली. मिस्टर बोलत होते.

"मी वर्धा-हिंगणघाट गाडीवर कंडक्टर होतो ना, तवाची गोष्ट हाये. एक बुढी चढली. पिशवीत कोंबडी."

"मंग?"

"मी म्हणलं, माय, कोंबडीचं तिकीट काढ. बुढी म्हणे, काऊन? कोंबडी काय सीटवर बसली हाये काय? मी म्हणलं, कायदा हाये."

"मंग?" मॅडम शेंग सोलता सोलता थांबल्या होत्या.

"मंग आमचं भांडण. लोकं हासून राह्यले. तेवढ्यात कोंबडी पिशवीतून निसटली! इकडून पकडा, तिकडून पकडा. कोणी म्हणे खिडकीतून गेली. गाडी थांबवली. सगळे उतरले. सगळे पऱ्हाटीत घुसले, कोंबडी धुंडाले..."

"मंग?"

मिस्टर थांबले. वर पंख्याकडे पाहिलं. हात खांद्यापाशी गेला, तिथे काही नव्हतं, परत खाली आला. मॅडम त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. थोड्या वेळाने मिस्टरांचा चेहरा पुन्हा खुलला.

"मी वर्धा-हिंगणघाट गाडीवर कंडक्टर होतो ना, तवाची गोष्ट हाये. एक बुढी चढली."

"मंग?" मॅडम म्हणाल्या. तितक्याच नव्याने.

माझ्यादेखत ती बुढी पुन्हा पुन्हा गाडीत चढली आणि दर वेळी सगळे प्रवासी पऱ्हाटीत, म्हणजे रस्त्याकडेच्या कापसाच्या शेतात, उतरले. पऱ्हाटीच्या पुढे मिस्टर एकदाही गेले नाहीत. मॅडमनी एकदाही पंजा वर केला नाही.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. मी हळूच विचारलं, "कधीपासून?"

"चार वरसं झाले. दिवसा शेजारची बाई पाह्यते."

"शेवट काय आहे त्या गोष्टीचा?"

"मले माहीत हाये." मॅडम चपलांकडे पाहत होत्या. "पह्यले रोज सांगत. जेवताना, पाहुणे आले का, लग्नात. मी शेवटापर्यंत जाऊच नाई देत होती. म्हणो, सरकी." जरा थांबल्या. "आता त्याईलेच जाता येत नाई."

"मग तुम्ही सांगून द्या ना शेवट."

"मी काऊन सांगू? मालक थे हायेत."

मला माझं ठरवलेलं भाषण आठवेना. आठवलं ते पूर्वाचं बोलणं. जसंच्या तसं सांगितलं. गाठ, आजी, आणि 'लोकं म्हणतीन, पोट्टीनं बरोबर धुंडलंच नाई'. पाच-सहा वाक्यं तरी झाली असतील.

"काय म्हणे?" मॅडम म्हणाल्या. "शेवटचं पुन्हा सांगा."

तीन वर्षांत बाईने मला वाक्य पुन्हा सांगायला लावलं ते पहिल्यांदा.

शुक्रवारी मॅडम गोंदाची बाटली घेऊन शाळेत आल्या. माझ्या कपाटातला कागदांचा गठ्ठा उचलला.

"किती लागतील मॅडम? मला नोंद..."

"लागतीन तेवढे."

दिवसभर त्या आणि पूर्वा वर्गात बसून कागदाला कागद जोडत होत्या. पट्टीसारखं लांबच लांब पुस्तक, दुमडत दुमडत गेलेलं, एका घडीवर एक घर. पूर्वा चित्रं काढत होती: रामाजी काकाच्या घरचा तवा, बेबीआत्याची खाट. दुसरा कायदा असा गेला. मॅडमनी त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दुपारी पूर्वा खिचडी दोनदा घेऊन गेली.

शनिवारी सकाळी मी दोरी बांधत होतो तर फाटकातून माणसं यायला लागली. आमच्या कार्यक्रमाला कधी कुत्रं येत नाही. पण पोरांनी गावभर सांगितलं होतं, पूर्वाच्या पुस्तकात सगळ्यांची घरं आहेत. मग काय, रामाजी काका टोपी घालून, बेबीआत्या नवं पातळ नेसून. दुकानदाराने दुकान बंद करून यावं हे मी या गावात पहिल्यांदा पाहिलं.

पाठोपाठ एक ऑटो आला. मॅडम उतरल्या आणि हात धरून मिस्टरांना उतरवलं. "शेजारीण लग्नाले गेली," एवढंच म्हणाल्या. खुर्चीत तर पूर्वा बसलेली. मिस्टरांना मी माझ्याजवळ तांदळाच्या पोत्यावर बसवलं. ते खूश दिसत होते. गर्दी पाहून म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका."

पूर्वाने वाचायला सुरुवात केली. एकेक घडी उलगडत पोरं पुस्तक पुढे पुढे धरत गेली. पहिलं घर झालं. पूर्वाने घाबरून मॅडमकडे पाहिलं. मॅडम पोरांमध्ये टाटपट्टीवर बसल्या होत्या.

"मंग?" मॅडम म्हणाल्या.

तोच आवाज. सिंदी मेघेतला. त्या व्हरांड्यात तो मला एकट्याला ओळखू आला.

मग प्रत्येक घराला 'मंग?' ज्याचं घर येई तो माणूस मान ताठ करी. बेबीआत्याने भरसभेत सांगितलं, "मी झोपली नव्हती, पडून होती." मागून एक म्हातारा ओरडला, "ए पोट्टे, माह्या घरी तं तू आलीच नाई!" पूर्वा म्हणाली, "तुमच्या घरी कुत्रं हाये ना आबाजी. मी फाटकातून पाह्यलं. पुढच्या पानावर हाये." म्हातारा पुढच्या पानापर्यंत गप्प बसला. पुस्तक व्हरांडाभर झालं, खांबाला वळसा घालून परत आलं. कंटाळा? आला असेल कोणाला. उठून मात्र कोणी गेलं नाही.

"'मंग गाव सरलं,'" पूर्वाने शेवटची घडी वाचली. "'मंग मी घरी आली. दावं तसंच होतं.'"

तिची आजी भिंतीशी उभी होती, तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना.

"मंग?"

माझ्या शेजारून आवाज आला. मिस्टर पुढे वाकून पूर्वाकडे बघत होते. "मंग काय झालं?"

पूर्वा गोंधळली. "मंग काई नाई, आजोबा. अजून नाई भेटली. मी धुंडूनच राह्यली."

मिस्टरांनी विचार केला. हात पुन्हा खांद्यापाशी गेला, तिकिटाची बॅग सावरतात तसा.

"भेटते ना," ते म्हणाले. "पऱ्हाटीत कायले धुंडता? ड्रायव्हरच्या सीटखाली पाह्य. तिथंच बसली हाये. अंडं देलं तिनं."

सगळा व्हरांडा हसला. बकरी, ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि वरून अंडं! रामाजी काका टोपी काढून हसले. पूर्वा सुद्धा हसली, पुस्तक तोंडावर धरून. मीही हसलो. मग मॅडमकडे पाहिलं आणि हसू तिथंच राहिलं.

मॅडम उठल्या होत्या. पदर तोंडात दाबलेला, डोळे वाहून राहिलेले. पोरांमधून वाट काढत आमच्यापाशी आल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "हाच."

"काय हाच?"

"शेवट."

मी पोत्यावरून उठलो. माझ्या जागी त्या बसल्या. मिस्टरांचा हात हातात घेतला आणि आवाज अगदी जपून विचारलं, "मंग?"

"मंग बुढी म्हणे, हे अंडं ठेव, तिकिटाचं झालं." मिस्टर हसत होते. "मी म्हणलं, ने माय घरी. सगळ्याईले बसवलं आन डबल बेल देली."

"मंग?"

"मंग काय? गाडी निघाली ना."

मॅडमनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. साहेबांच्या फोटोसाठी मी मोबाईल काढला होता, तो तसाच खिशात ठेवला आणि पोरांना खिचडीच्या रांगेत उभं करायला गेलो.